दार धरणारा

दिवसाढवळ्या लाँड्री बंद ठेवायची वेळ या घरावर आजवर आली नव्हती. आजी गेली त्या दिवशीही मागची भट्टी चालू होती, कारण इस्पितळाच्या चादरी कुणाच्या मरणासाठी थांबत नाहीत. आज मात्र पुढचं शटर खाली होतं. इस्त्रीचा मोठा रूळ गार पडला होता आणि घरातली माणसं लांब टेबलाभोवती जमली होती, कुणी बसून, कुणी उभं.

धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं या टेबलाशी आलं की हात तेच करायचे, आणि आज हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"ठेव ना ते खाली," थोरली जाऊ म्हणाली. ती इस्पितळातून परवाच्याच कपड्यांत आली होती.

"ठेवते वहिनी," धाकटी म्हणाली आणि तिनं पुढची चादर उचलली.

"त्याच्या अंगाखाली आपलीच चादर आहे. कोपऱ्यात आपला निळा टाका आहे. मी पाहिला."

धाकटीचा अंगठा हातातल्या चादरीच्या कोपऱ्यातल्या टाक्यावर गेला.

परवा संध्याकाळी थोरलीचा मुलगा मागच्या वाळवणखोलीत कोसळला होता. शाळेच्या बॉक्सिंग संघातला तो पहिल्या नंबरचा मुलगा. सगळी शाळा त्याला हातोडा म्हणायची, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन व्हायचं होतं. अंगावर प्लॅस्टिकचा सूट चढवून तो वजन उतरवायला आत बसला होता. बाहेर स्टुलावर दार धरून बसला होता त्याचा चुलतभाऊ, धाकटीचा मुलगा. त्याला शाळेत पिशवी म्हणत. आता हातोड्याची मूत्रपिंडं बंद पडली होती आणि त्याचं रक्त यंत्रातून फिरत होतं. तो मधूनच डोळे उघडायचा, पण आईला ओळखत नव्हता.

"तर ठरलं," थोरला म्हणाला. हातोड्याचा हा बाप त्याच शाळेत बॉक्सिंगचा मास्तर होता. कोपर टेबलावर न टेकता ताठ बसायची त्याची सवय आजही सुटली नव्हती. "चहाच्या वेळेपर्यंत पोलीस बाई येतील. पोरगा सांगेल, आम्ही दोघांनी आपापसात ठरवलं. काकांना ठाऊक नव्हतं. संपलं. लहान आहे तो. त्याला कोण काय करणार? समज देतील आणि सोडतील."

"आणि शाळा?" धाकटीनं विचारलं.

"शाळा काढेल. ते माझ्या हातात नाही. पण खरं सांगू का, ती शाळा त्याची नव्हतीच."

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना भाऊजी? मास्तरचा पुतण्या दुसऱ्या शाळेत गेला तर लोक माझ्या तोंडाकडे बघतील, म्हणालात. त्याला धावता येत नाही, उडी मारता येत नाही, हे तेव्हाही घरात सगळ्यांना दिसत होतं."

"ए, तू गप्प बस," तिचा नवरा हळूच म्हणाला.

"मी गप्पच होते. दोन वर्षं."

गार पडलेल्या रुळाशेजारच्या खुर्चीत अण्णा बसले होते. दोघा भावांचे वडील. तरुणपणी त्यांनी इतके ठोसे खाल्ले होते की कान फुलकोबीसारखे झाले होते आणि हात आता भाताचा घाससुद्धा सरळ तोंडापर्यंत नेत नव्हते. त्यांनी मान वर केली.

"दार कुणी धरलं होतं?"

"पिशवीनं, अण्णा," थोरला म्हणाला. सकाळपासून ते हे तिसऱ्यांदा विचारत होते.

"मग बरं," अण्णा म्हणाले. "तो उघडत नाही."

ही रीत अण्णांचीच. वाळवणखोलीत भिंतभर गरम नळ्या, वर चादरींच्या दांड्या आणि पुढे लोखंडी दार. दाराला कडी फक्त बाहेरून, कारण आत कपड्यांखेरीज कुणी राहील असं बांधणाऱ्याला वाटलं नव्हतं. तरुण अण्णा वजन उतरवायला त्या खोलीत बसू लागले तेव्हा त्यांनी नियम घातला, बाहेर एक माणूस हवा, आणि वेळ त्यानं ठरवायची. आतला माणूस रडेल, शिव्या देईल, मरतो म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही. आतला खोटं बोलतो. अण्णांचं दार त्यांच्या भावानं धरलं. थोरल्याचं दार धाकट्यानं धरलं. पुढे थोरल्यानं ही घरची रीत शाळेत नेली, आणि तिथल्या बॉयलरच्या खोलीबाहेर प्रत्येक बॉक्सरचा एकेक दार धरणारा बसू लागला. घरात ही अभिमानाची गोष्ट होती.

फक्त धाकट्यानं थोरल्याचं दार एकदा वेळेआधी उघडलं होतं. थोरला आतून फक्त "पुरे रे" म्हणाला होता, एवढ्यावर. दुसऱ्या दिवशी त्याचं वजन जास्त भरलं, मोठी निवड हुकली, आणि जो देशासाठी खेळला असता तो शाळेत शिट्टी वाजवत राहिला. तेव्हापासून धाकट्याचं घरातलं नाव दारउघडा. आजही लग्नकार्यात कुणीतरी म्हणायचंच, "सामानाच्या खोलीची किल्ली ह्याच्याकडे देऊ नका रे, कुणी 'पुरे' म्हटलं की उघडेल." सगळे हसायचे. धाकटाही हसायचा.

"तुम्ही ज्याला दारउघडा म्हणता ना," धाकटी आता म्हणाली, "त्यानं उघडलं म्हणून तुम्ही आज इथं बसून ठरवताय."

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. धाकटा टेबलावरचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता.

"बायकोला आवर," थोरला म्हणाला.

धाकट्यानं मान हलवली, पण ती हो होती की नाही हे कुणालाच कळलं नाही.

*

मागच्या अंगणात मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर पिशवी बसला होता. मोठ्यांचं होईपर्यंत त्याला बाहेर थांबायला सांगितलं होतं. फाटकाशी चार मुलं आली. एकानं पिशवीचं शाळेतलं दप्तर आणलं होतं.

चौघंही दार धरणारी होती. एक चष्मेवाला. एकाला दमा होता, तो खिशात फवारा घेऊन फिरायचा. एक ढोल्या. चौथा अजून आवाज न फुटलेला, इतका बारीक की मास्तर त्याला हजेरीला पुढे उभा करत. या शाळेत मैदानावर ज्यांचं काम नसे त्यांना उरलेले म्हणत. जेवणघरात खिडकीकडची टेबलं संघांची. उरलेल्यांनी संघ उठल्यावर, भिंतीशी उभं राहून, जे राहिलं ते खायचं. तसा लेखी नियम कुठं नव्हता, पण कुणी कधी मोडलाही नव्हता. पिशवीनं पहिलं वर्ष असंच उभ्यानं काढलं. लोक त्याच्या ताटात आपापली हाडं टाकून जात. मग हातोड्याचा आधीचा दार धरणारा शाळा सोडून गेला आणि हातोड्यानं सगळ्यांसमोर पिशवीला बोट दाखवलं, "हा माझा." त्या दिवसापासून तो टेबलाच्या टोकाला बसू लागला. बॉक्सर अंड्याचं पांढरं खात आणि पिवळं दार धरणाऱ्यांच्या ताटात सरकवत. पिशवीनं आयुष्यात इतकं पिवळं खाल्लं नव्हतं.

"दप्तर वर्गातच होतं," चष्मेवाला म्हणाला. "कुणी फेकायच्या आत आणलं."

"बरं केलंस."

"शुद्धीवर आला का?"

"डोळे उघडतो."

दमेकऱ्यानं फवारा काढला आणि न मारताच परत ठेवला. "मोठ्या सरांनी सांगितलंय, आजपासून दार धरणं बंद. बॉयलरच्या खोलीला कुलूप लावलं."

"चांगलं झालं," पिशवी म्हणाला.

"हो," ढोल्या म्हणाला. मग जरा वेळानं, "पण मग आपण जेवायला बसायचं कुठं?"

बारक्यानं पायानं माती उकरली. "दुपारी मी टेबलाशी गेलो, तर माझ्यावाला म्हणाला, आता तू कशाला?"

"सगळे म्हणतायत, त्यानं उघडायला हवं होतं," चष्मेवाला पिशवीकडे न बघता म्हणाला.

"तू काय म्हणतोस?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार लहान दिसत. "मी पण नसतं उघडलं," तो म्हणाला.

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. मग ते दप्तर गाठोड्यावर ठेवून, आले तसे एकामागून एक निघून गेले.

*

थोरला अंगणात आला तेव्हा पुतण्या दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. थोरला शेजारी बसला. गाठोडं दोघांच्या वजनानं दबलं. हा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा तळवा उघडून बघणारा पहिला माणूस थोरलाच होता. बोटं लांब आहेत, तो म्हणाला होता, हातात काहीतरी येईल.

"मी तुला काय सांगितलं होतं परवा?"

"मी येईपर्यंत उघडू नको, म्हणालात."

"थोडा वेळ, म्हणालो होतो."

"नाही काका. मी येईपर्यंत, म्हणालात."

"नीट आठव. माणूस घाबरला की त्याला भलतंच आठवतं."

मुलगा खरोखर आठवू लागला. थोरल्याला ते बघवेना. त्यानं नजर फाटकाकडे वळवली. त्याला स्वतःला सगळं आठवत होतं. शाळेच्या सभागृहात त्याला ढाल मिळत होती, उत्तम मास्तर म्हणून. भाषणं लांबली. मग संस्थेच्या लोकांबरोबर फोटो. मग त्यांच्या बायकांबरोबर फोटो. आपलं पोरगं आत आहे हे त्याला माहीत होतं. दारावर पिशवी आहे हेही माहीत होतं, म्हणूनच तो निर्धास्त होता. आणखी एक फोटो, साहेब, म्हणाला फोटोवाला. आणि तो थांबला.

"तुम्ही आलात तेव्हा छातीला बिल्ला होता," मुलगा म्हणाला. "रेशमी. म्हणून मला नीट आठवतं."

थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "हे बघ. मी आत गेलो तर तुझ्या काकूनं काय करायचं? एक डबा इस्पितळात आणि एक तुरुंगात? आणि हातोडा उद्या बरा होऊन विचारेल, बाबा कुठंत, तर त्याला कोण सांगणार? तू?"

"बरा होणार आहे का तो?"

थोरल्यानं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"तू त्याचा माणूस ना?" शेवटी तो म्हणाला. "त्यानं तुला टेबलाशी बसवलं. मग आता त्याच्यासाठी एवढं कर."

*

पोलीस बाई आली ती साध्या कपड्यांत. तिनं चहा नको म्हणून सांगितलं आणि आधी वाळवणखोली बघितली. कडी खालीवर केली, स्टुलावर बसून बघितलं. स्टुलाची बैठक इतक्या वर्षांत झिजून बशीसारखी खोल झाली होती. मग ती टेबलाशी आली.

"तुमचा मुलगा लहान आहे," ती धाकट्याला म्हणाली, "तेव्हा तुम्ही शेजारी बसा. घाई नाही, बाळ. त्या दिवशी दार किती वेळ बंद ठेवायचं हे कुणी ठरवलं?"

धाकट्यानं मुलाकडे पाहिलं. हातोड्यानं त्याला बोट दाखवलं त्या संध्याकाळी हा मुलगा धावत घरी आला होता, धावता येत नसताना, आणि दारातूनच म्हणाला होता, बाबा, मला त्यानं निवडलं. बापाला आनंद झाला होता. त्यानं मुलाला याच स्टुलावर बसवून शिकवलं होतं. काही झालं तरी उघडायचं नाही. तो काहीही म्हणो. एकदा उघडलंस की लोक जन्मभर विसरत नाहीत, माझ्याकडे बघ. मुलाला इतकं मनापासून दुसरं काही शिकवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

समोर थोरला ताठ बसला होता. थोरली भिंतीला टेकून उभी होती, तिचे डोळे मुलावर खिळले होते. धाकटीच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली होती.

"मी सांगितलं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"उघडू नको, असं मीच त्याला सांगितलं. वेळही मीच ठरवली. पोराला काही विचारू नका, आणि दादाला काही माहीत नव्हतं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

थोरल्यानं डोळे मिटले. त्याच्या खांद्यांतला ताण सुटला. तो सुटलेला ताण धाकट्यानं पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण दादाच्या उपयोगी पडलो असं त्याला वाटलं. त्याला थोडं बरंही वाटलं. तेवढंच त्याला पुढे कित्येक वर्षं बोचत राहिलं.

"नाही, बाबा," मुलगा म्हणाला.

"तू गप्प."

"तुम्ही त्या दिवशी इथं नव्हता. तुम्ही इस्पितळाची गाडी घेऊन गेला होता." मग तो बाईकडे वळला. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "काका म्हणाले, मी येईपर्यंत उघडू नको. ते सभागृहात गेले आणि त्यांना उशीर झाला. तो दार वाजवत होता. पुढे मोठा रूळ चालू होता, कुणाला ऐकू गेलं नाही. कडी माझ्या हाताशी होती. मी उघडलं नाही."

"का नाही उघडलं?"

मुलानं वाळवणखोलीच्या दाराकडे पाहिलं.

"उघडलं असतं तर त्याचं वजन उतरलं नसतं," तो म्हणाला. "मग मी पुन्हा भिंतीशी."

"कसली भिंत?"

धाकटीनं हातातली अर्धी घडी पुरी केली. बाईनं पुन्हा विचारलं नाही.

"कार्टं," थोरला म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. तो उठला. चप्पल घालताना त्याला डावा-उजवा सापडेना, तेव्हा धाकट्यानं खाली वाकून दोन्ही चपला सरळ केल्या. थोरल्यानं त्याच्याकडे न बघता पाय घातले आणि तो बाईबरोबर बाहेर गेला. शटर अर्धंच वर होतं, त्यामुळे त्याला वाकून जावं लागलं.

"कुठं चालला तो?" अण्णांनी विचारलं.

"कामाला," धाकटी म्हणाली.

*

धाकट्यानं हत्यारांची पेटी आणली आणि तो वाळवणखोलीच्या दाराशी बसला. कडीचे स्क्रू गंजले होते. एकेक काढताना लोखंड किरकिरत होतं. अण्णा खुर्चीतून बघत होते.

"ते काय करतोस?"

"कडी काढतोय."

"मग दार मिटणार कसं?"

"नाही मिटणार."

"उष्णता बाहेर जाईल. कपडे ओले राहतील," अण्णा म्हणाले. त्यांना खरंच काळजी वाटत होती. "दारउघडा तो दारउघडाच," ते पुटपुटले आणि हसले. कुणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. धाकट्यानं कडी काढून घडी घातलेल्या चादरींवर ठेवली. धाकटीनं ती उचलून जमिनीवर ठेवली, कारण गंजाचा डाग निघत नाही.

थोरलीला इस्पितळात परत जायचं होतं. डबा भरून तयार होता. पण ती वाळवणखोलीकडे गेली. पिशवी तिथं भिंतीशी उभा होता. ती समोर येताच त्यानं चेहरा थोडा बाजूला वळवला आणि डोळे बारीक केले. मार खायची सवय असलेली मुलं करतात तसं. परवापासून आपण याला काय करू हे थोरलीनं पुन्हा पुन्हा ठरवलं होतं. आता तिचा हात उठला नाही. ती स्टुलावर बसली.

"तुझ्या काकांना कधी सोडतील, सोडतील की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "हे तू माझं केलंस. हे मी विसरणार नाही."

"हो, काकू."

"पण एक सांग. त्याच्याजवळ तूच होतास. आतून तो काय बोलत होता?"

मुलानं मान खाली घातली. "आधी शिव्या देत होता."

"मग?"

"मग गणिताच्या सरांची नक्कल केली. मी बाहेर हसलो. तोही हसला."

थोरलीनं मान हलवली. नक्कल तो घरीही करायचा. "मग?"

"मग पाणी मागितलं. मग म्हणाला, उघड, मी कुणाला सांगणार नाही. मग दार वाजवत राहिला. मग..." त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"सांग."

"मग तुम्हाला हाक मारली. दोनदा. पण मोठ्यानं नाही, तुम्ही खोलीतच असल्यासारखी."

उघड्या दारातून नळ्यांची उरलीसुरली ऊब बाहेर येत होती. भट्टी बंद होती तरी ती अजून पुरती गार झाली नव्हती. थोरलीनं दाराच्या लोखंडावर तळहात टेकला आणि तसाच ठेवला.

"आणि तू त्याला काय म्हणालास?"

"मी म्हणालो," पिशवी म्हणाला, "थोडंच राहिलंय."